वीतभर भिंत

शाळेच्या मागच्या भिंतीवर कधी ऊन पडत नसे. समोर दुसऱ्या इमारतीची उंच पाठ, मध्ये चार पावलांचा बोळ आणि वर गच्चीवर पाण्याची टाकी. भिंत बारा महिने ओली. खालच्या दोन हातांवर शेवाळ, त्याच्या वर जुन्या रंगाचे पोपडे, आणि फटींतून डोकावणारी नेच्याची बारीक रोपं. मुलं त्या बोळात फक्त चेंडू आणायला जायची आणि नाक मुरडत परत यायची.

चौथीच्या बाईंनी त्या भिंतीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते वकिलामुळे. हा वकील म्हणजे त्यांच्याच वर्गातला नऊ वर्षांचा मुलगा. कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य करायची नाही असा त्याचा खाक्या, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. बाई परिसराचा धडा शिकवत होत्या. पुस्तकात घनदाट जंगल होतं, धबधबा होता, हत्तींचा अख्खा कळप होता. वकील उभा राहिला.

“बाई, यातलं आपल्याकडे काय आहे?”

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. तारा, गच्च्या, पत्र्यावर कुणीतरी टाकून दिलेला मोडका पंखा. “उद्या सांगते,” असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. मधल्या सुट्टीत कुणी रडत आलं, चेंडू मागच्या बोळात गेला म्हणून. तो आणायला बाई स्वतः गेल्या, आणि पंधरा मिनिटं परत आल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या अडतीस चौकटी कापून आणल्या, प्रत्येक वीतभर लांब, वीतभर रुंद. भिंतीवर डावीकडून उजवीकडे खडूने आकडे घातले आणि प्रत्येक मुलाला एकेक जागा दिली.

“आता डोळे मिटा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही लहान होताय. पेन्सिलीएवढे झालात. नखाएवढे झालात. आता मोहरीएवढे. उघडा डोळे, आणि आपापल्या चौकटीत चालत जा. काय काय भेटलं ते येऊन मला सांगा. हात लावायचा नाही. मोहरीएवढ्या माणसाचा हात केवढा असणार?”

पहिल्या दिवशी मुलं खिदळली. तिसऱ्या दिवशी बोळात इतकी शांतता होती की टाकीतून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. आठवड्याभरात वह्या भरू लागल्या. कुणाला शेवाळाच्या जंगलात दाट धुकं भेटलं. कुणी गोगलगायीमागून अर्धा तास चाललं आणि तिचा चिकट रस्ता वाळायच्या आत पलीकडे पोचलं. एकाने लिहिलं, की मुंग्या थांबून एकमेकींच्या तोंडाला तोंड लावतात ते बहुतेक पत्ता विचारायला. बाईंनी कुणालाही चूक म्हटलं नाही. त्या एवढंच विचारायच्या, “हे तू पाहिलंस की तुला वाटलं?” मग वहीत दोन रकाने झाले. पाहिलं. वाटलं. वकिलाचा पहिला रकाना भरभरून वाहायचा आणि दुसरा कोरा असायचा. मग एक दिवस त्याने दुसऱ्यात लिहिलं, ‘कोळी एकटा आहे असं वाटलं.’ आणि लगेच कंसात, ‘पुरावा नाही.’

सतरा नंबरची चौकट ठिपकीची होती. तिचे वडील रंगारी. त्यांची जुनी पिशवी ती दप्तर म्हणून वापरायची, तिच्यावर रंगाचे सत्तर ठिपके, म्हणून ती ठिपकी. घरी आणि शाळेतही. वर्गात ती फारशी बोलत नसे. पण भिंतीपाशी गेली की तिची जीभ सुटायची. तिच्या चौकटीत निळ्या रंगाचा एक मोठा पोपडा सुटून पुढे आला होता, आणि त्याच्या आड राखाडी रंगाचे, जरा काही हललं की गोळी होऊन बसणारे सात किडे राहत होते.

“हे निळं छप्पर आहे ना,” तिने सगळ्यांना सांगितलं, “त्याच्या आत पिवळा थर आहे, त्याच्या आत चुना. म्हणजे ही भिंत तीनदा रंगवलीय. हे किडे पिवळ्या आणि निळ्याच्या मध्ये राहतात.”

“तुला कसं माहीत?” वकिलाने विचारलं.

“बाबांनी दाखवलंय. सगळ्या भिंती अशाच असतात.”

त्या दिवसापासून कुणाच्याही चौकटीत रंगाचा प्रश्न आला की ठिपकीला बोलावणं यायचं. ती हातातलं काम टाकून, घाईघाईने, अगदी डॉक्टरसारखी जायची.

असे दोन महिने गेले.

मग शाळा तपासायला अधिकारी येणार असल्याचं पत्र आलं, आणि मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची, झोप उडाली. त्यांनी सूचनांचा एक कागद काढला. नऊ सूचना होत्या. फळे पुसा, नळ बदला, हजेरीपट पूर्ण करा. सातवी सूचना अशी: ‘रविवारपासून मागील भिंत खरवडून रंगविण्यात येईल व तीवर निसर्गाचे चित्र काढण्यात येईल.’ शुक्रवारी दुपारी शिपाई तो कागद घेऊन चौथीच्या वर्गात आला तेव्हा बाई चाचणीचे पेपर तपासत होत्या. त्यांनी वरच्या दोन ओळी वाचल्या, खाली सही ठोकली आणि कागद परत दिला.

शनिवारी संध्याकाळी ठिपकीचे बाबा घरी आले ते गुणगुणतच. वर्षापूर्वी ते परांचीवरून पडले होते. गुडघा सांधला होता, पण उंचावर चढायची कामं बंद झाली होती आणि खालची कामं कुणी देत नव्हतं. वर्षभर ते दारातल्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या घराचे रंग आठवायचे.

“ओळख बरं, कुठलं काम मिळालं!” त्यांनी लेकीला विचारलं. “तुझ्याच शाळेचं! मागची भिंत. एक मजली, शिडीसुद्धा नको. पार खराब झालीय म्हणे. खरवडायची, भेगांत लांबी भरायची, वर झाड, डोंगर, सूर्य. मी सांगितलं, सूर्य तर असा काढतो की सावलीत बसावं लागेल.”

“बाबा, मागचीच? पुढची नाही?” ठिपकीने विचारलं.

“मागचीच.”

“पुढच्या महिन्यात नाही का चालणार?”

“अगं, पुढच्या महिन्यात साहेब परत जातील ना!”

आईने जुन्या डब्यातून पत्ती काढून फडक्याने पुसली. लाकडी मुठीची ती रुंद लोखंडी पट्टी वर्षभर कुणी हातात घेतली नव्हती. बाबांनी ती हातात घेऊन अंगठा धारेवरून फिरवला, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की ठिपकीने जे सांगायचं होतं ते गिळून टाकलं. रात्री आईने विचारलं, जेवली का नाहीस? ती म्हणाली, पोट दुखतंय.

रविवारी दुपारी आईने तिच्याजवळ बाबांचा डबा दिला. बोळाच्या तोंडाशीच तिला आवाज ऐकू आला. खर्र, खर्र, खर्र. बाबा डावीकडून सुरुवात करून पुढे सरकत होते. गुडघा वाकवायचा नाही म्हणून उलट्या बादलीवर बसून काम चाललं होतं. एक ते सोळा आकडे गेले होते. तिथे भिंत खरजेसारखी पांढुरकी, उघडी पडली होती. बाबांची पत्ती निळ्या पोपड्यापासून हातभर अंतरावर होती.

“आलीस? बघ, निम्मी होत आली,” बाबा म्हणाले. “कुणा पोरांनी आकडे घातलेत, लंगडीचा खेळ वाटतं.”

ठिपकीने डबा खाली ठेवला आणि ती रडायला लागली. बाबा घाबरलेच. मग हुंदक्यांच्या मधून त्यांना एकेक कळत गेलं. मोहरीएवढं होणं. सात किडे. सोळा नंबरचा मुलगा, ज्याची मुंग्यांची रांग इथूनच वर जायची. बाबा वळून त्या उघड्या भिंतीकडे बघत राहिले.

“काल का नाही बोललीस?”

“तुम्ही किती खूश होतात.”

बाबांनी पत्ती मांडीवर ठेवली. “बरं,” ते म्हणाले. “ तुझी चौकट सोडतो. तिच्या कडेकडेने रंगवतो. कुणी विचारलं तर सांगेन, मीच सोडली.”

“नाही,” ठिपकी म्हणाली. “त्या सोळा जणांची गेली. माझी राहिली तर ते काय म्हणतील? काढायची तर माझीही काढा.”

बाबांनी पत्ती उचलली नाही. डबाही उघडला नाही. त्यांनी खरवडलेला सगळा कचरा ओल्या गोणीत भरला, गोणी सावलीत ठेवली आणि लेकीचा हात धरून घरी आले.

सोमवारी सकाळी बाई शाळेत पोचल्या तेव्हा बोळात गलका चालला होता. चार नंबरची मुलगी भिंतीला तोंड लावून मुसमुसत होती. ठिपकी बाबांच्या मागे उभी होती, आणि बाबा हातात टोपी घेऊन, एखाद्या उशिरा आलेल्या मुलासारखे. ते मोठ्या बाईंना भेटायला लवकर आले होते आणि मुलांच्या तावडीत सापडले होते.

“बाई, ठिपकीच्या बाबांनी केलं!” वकील ओरडला. “आणि तिला शनिवारपासून माहीत होतं. तिनेच कबूल केलंय.”

“ती फितूर आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

बाईंनी भिंत पाहिली आणि त्यांना शुक्रवारचा कागद आठवला. वरच्या दोन ओळी, खाली सही. क्षणभर त्यांना वाटलं, गप्प बसावं. मोठ्या बाईंचा हुकूम होता म्हणावं. मुलांनी ते मान्यही केलं असतं.

“हाताची घडी,” त्या म्हणाल्या. गलका थांबला. “ठिपकीला शनिवारी संध्याकाळी कळलं. मला शुक्रवारी दुपारीच कळायला हवं होतं. माझ्याकडे कागद आला होता. मी तो न वाचता सही केली. रोज तुम्हाला सांगते, नीट बघा, नीट बघा. मी स्वतः बघितलं नाही. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा.”

कुणीच ओरडलं नाही. बाई चुकतात, आणि चुकल्यावर अशा सगळ्यांसमोर सांगतात, हे मुलांना नवीन होतं. वकिलाला सवयीने पुरावा मागावासा वाटला, पण त्याने तोंड मिटलं.

“आणखी एक,” बाई म्हणाल्या. “दोन महिन्यांत तुम्ही मुंगी झालात, गोगलगाय झालात, शेवाळ झालात. भिंत खरवडणारा माणूस कुणी झालं नाही. मीसुद्धा नाही. तो इथे उभाच आहे. त्याला विचारू या का, त्याला ही भिंत कशी दिसते?”

रंगाऱ्याला घाम फुटला. चाळीस फूट उंचीवर ज्याला कधी भीती वाटली नव्हती, त्याची अडतीस मुलांपुढे गाळण उडाली. पण त्याने भिंतीवर हात ठेवला आणि हात ठेवल्यावर त्याला बोलता आलं.

“मला ही भिंत आजारी दिसते,” तो म्हणाला. “शेवाळ वाईट नाही. शेवाळ काही भिंत खात नाही. भिंत पाणी पितेय, म्हणून ते आलंय. हे बघा, वरून खाली ओल कशी उतरलीय. टाकीचा पाइप भिंतीच्या आत कुठेतरी गळतोय. नुसता रंग दिला तर सहा महिन्यांत परत पोपडे. मी हेच सांगायला मोठ्या बाईंकडे आलो होतो.”

मोठ्या बाई कधीच्या मागे येऊन उभ्या होत्या. “पाइप?” त्या म्हणाल्या. “म्हणजे बालवर्गातली ओल त्यानेच?”

बालवर्ग त्याच भिंतीच्या पलीकडे होता. चौथीच्या मुलांना हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. मोठ्या बाई त्यांना आत घेऊन गेल्या. आतल्या भिंतीवर काळपट डाग होते, छतापासून छातीइतक्या उंचीपर्यंत उतरलेले. कोंदट वास होता. तीन-चार वर्षांची मुलं चटईवर बसून ठोकळे रचत होती, आणि दर थोड्या वेळाने त्यांच्यातलं कुणीतरी खोकत होतं.

“म्हणून मला ती भिंत कोरडी करायची होती,” मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. “साहेबांचं निमित्त झालं. गेल्या वर्षी दोन मुलांना घरी बसवावं लागलं छातीच्या दुखण्यामुळे.” मग चौथीच्या बाईंकडे वळून, “तुमचं भिंतीवर एवढं काही चाललंय हे मला कुणी सांगितलं नाही.”

“मीच सांगायला हवं होतं,” बाई म्हणाल्या.

चार नंबरच्या मुलीने हळूच त्या काळ्या डागाला तळहात लावला आणि लगेच काढून घेतला. बाहेर आल्यावर वकिलाने खटला उभा केला.

“काका, पाइप दुरुस्त केला तर शेवाळ मरणार?”

“भिंत वाळली की मरणार.”

“आणि नाही केला तर बाळं खोकणार?”

“हो.”

“मग चूक कुणाची आहे?”

“पाइपची,” रंगारी म्हणाला, आणि पहिल्यांदा दोन-चार मुलं हसली.

पुढचा अर्धा तास मुलांनी बोळ डोक्यावर घेतला. शेवाळाला पाणी घालू, वाटीवाटीने. मग भिंत पुन्हा ओली होणार. बाळांना दुसऱ्या वर्गात बसवू. दुसरा वर्गच नाही. शेवटी ठिपकी बाबांच्या कानाशी काहीतरी बोलली. बाबांनी मान डोलावली.

“हात धुवायचे नळ आहेत ना पुढे,” ते म्हणाले, “त्यांच्या मागे बुटका कठडा आहे. तिथे सावली आहे, ओल कायमची, आणि पलीकडे कुणी राहत नाही. शेवाळाचा पापुद्रा अखंड निघाला तर तिथे लावून बघता येईल. जगेलच असं नाही सांगत. पण माझा हात हलका आहे.”

मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं, मुलांकडे पाहिलं. “दोन दिवस देते,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर पाइपवाल्याला बोलावते.”

ज्या पत्तीने सोळा चौकटी गेल्या होत्या तीच पत्ती आता भिंत आणि शेवाळ यांच्या मध्ये इतक्या सावकाश शिरू लागली, की मुलं श्वास रोखून बघत होती. मातीसकट पापुद्रा सुटायचा, खाली पुठ्ठा धरून ठिपकी तो झेलायची. “दोन्ही हातांनी. वाकडा नको. पळायचं नाही,” ती एकेकाला बजावायची. सतरा नंबरच्या निळ्या छपरासकट सातातले पाच किडे आले. दोन कुठे गेले ते कळलं नाही.

ज्यांच्या चौकटी गेल्या होत्या ते सोळा जण कडेला उभे होते. रंगाऱ्याने आपली गोणी आणून त्यांच्यापुढे ओतली. “मी टाकलं नव्हतं,” तो म्हणाला. “शोधा, काही मिळतंय का.” मुलं गुडघ्यांवर बसली. बहुतेक सगळा चुराच होता. पण तासाभराने चार नंबरच्या मुलीने किंकाळी फोडली. तिच्या तळहातावर एक गोगलगाय होती, कवचाचा कोपरा तुटलेली, आणि ती हळूहळू शिंग बाहेर काढत होती. मुलीने ती रंगाऱ्याला दाखवली. त्याने टोपीने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाला.

पाइपवाल्याने भिंत फोडून पाइप बदलला. भिंत वाळली. लांबी झाली, प्रायमर झाला, रंगाचा पहिला हात झाला. मग रंगारी मोठ्या बाईंच्या सांगण्याप्रमाणे झाड काढायला बसला, आणि मधल्या सुट्टीत चौथीचा वर्ग मागे उभा राहिला.

“या खोडावर एकही मुंगी नाही,” वकील म्हणाला.

रंगाऱ्याने बारीक ब्रश घेऊन चार मुंग्या काढल्या.

“एकाच दिशेने सगळ्या कशा जातील? काही परत येतात.”

मग परत येणाऱ्या काढाव्या लागल्या. नंतर सालीच्या फटी, फटीत कोळी, मुळाशी सडकी पानं. सूर्य राहून गेला. साहेब आले, भिंतीपाशी तीन मिनिटं थांबले, “छान, छान” म्हणाले आणि हजेरीपट मागितला.

कठड्यावर लावलेल्या बावीस पापुद्र्यांपैकी तेरा पिवळे पडून झडले. नऊ तगले. वह्यांत पहिल्या रकान्यात तेरा वेळा ‘मेलं’ असं लिहिलं गेलं. बाईंनी ते खोडायला सांगितलं नाही. नऊ चौकटी अडतीस मुलांत वाटून घेताना भांडणं झाली, आणि ठिपकीला जो मुलगा फितूर म्हणाला होता त्याने ते शब्द परत घेतल्याशिवाय त्याला जागा द्यायची नाही असं वकिलाने ठणकावलं. तो मुलगा पुटपुटत “सॉरी” म्हणाला. ठिपकी म्हणाली, “बरं.” एवढ्याने सगळं मिटलं असं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते दोघं एकाच पुठ्ठ्यातून बघत होते. बालवर्गातलं खोकणं कमी झालं, थांबलं नाही.

मोठ्या बाईंनी रंगाऱ्याचं नाव दोन-तीन ठिकाणी सुचवलं. पुढचं काम एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीचं होतं. सुरुवात करायच्या आदल्या संध्याकाळी तो ठिपकीला घेऊन गेला. दोघांनी चारही भिंती कोपऱ्यापर्यंत बघितल्या. खिडकीच्या वर कुंभारमाशीने मातीचं घरटं केलं होतं, अक्रोडाएवढं, तोंड बंद केलेलं.

“आत पिल्लू असेल,” ठिपकी म्हणाली.

“पाहिलंस की वाटलं?” बाबांनी विचारलं. घरी तिच्याकडून हे त्यांच्याही अंगवळणी पडलं होतं.

“वाटलं.”

रंगाऱ्याने खोली पूर्ण केली आणि खिडकीच्या वरचा हातभर तुकडा तसाच ठेवला. दुकानदार कुरकुरला. रंगारी म्हणाला, “पंधरा दिवसांनी येऊन पुरा करून देतो. माझा शब्द.” सोळाव्या दिवशी तो आणि ठिपकी पुन्हा गेले. घरट्याला एका बाजूने गोल, सुबक भोक पडलं होतं आणि आत काहीच नव्हतं. ठिपकीने स्टुलावर चढून डोळा लावून खात्री केली, मग खाली उतरून बाबांना पत्ती दिली.